फोमच्या टाकीत १२:६१:० मिसळावं का? जिनिंगवाल्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर

धरणगावकडच्या एका तरुण सेफ्टी ऑफिसरचा प्रश्न थोडक्यात असा: "आमच्याकडे जिनिंग-प्रेसिंग, सरकीची ऑइल मिल आणि आवाराच्या टोकाला सॉल्व्हंट प्लँट आहे. ३ टक्क्यांचा फोम भरून ठेवलाय. मागच्या सीझनला रुईच्या ढिगाला आग लागली. फोम मारला, विझली, आणि तासाभराने आतून परत पेटली. एक जण म्हणाला, ठिबकमधून सोडतो ते १२:६१:० खत फोमच्या टाकीत टाका, ते अग्निरोधक असतं. टाकावं का, आणि किती?"

भाऊ, टाकीत टाकू नका. पण ज्याने सुचवलं त्याला हसूही नका, कारण त्याच्या बोलण्यात खरा भाग बराच आहे. १२:६१:० म्हणजे मोनोअमोनियम फॉस्फेट. भिंतीवर टांगलेल्या लाल एबीसी सिलिंडरमधली मुख्य पावडर तीच. जंगलातल्या वणव्यापुढे विमानातून जो लाल द्राव टाकतात, त्यातही अमोनियम फॉस्फेटच्याच जातीचे क्षार असतात. कापडाला हे क्षार लावायची युक्ती तर दोनशे वर्षांची आहे. फ्रान्सच्या राजाला नाटकगृहांच्या पडद्यांची काळजी होती, म्हणून गे-ल्युसाक या रसायनशास्त्रज्ञाने तागा-लिननच्या कापडावर प्रयोग केले आणि १८२१ मध्ये अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांची मिश्रणं उपयोगी ठरतात असं मांडलं. तेव्हा पदार्थ बरोबर आहे. चुकते ती तो टाकायची जागा आणि वेळ.

का, ते नीट सांगतो, कारण हे एकदा समजलं की पुढचे सगळे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील.

फोम म्हणजे पाणी, थोडं फेसद्रव्य आणि हवा. तुमचा ३ टक्क्यांचा फोम म्हणजे ९७ लिटर पाण्यात ३ लिटर कॉन्सन्ट्रेट. हा फेस तेलावर किंवा सॉल्व्हंटवर गोधडीसारखा पसरतो. खालची वाफ वर येऊ देत नाही, वरची हवा खाली जाऊ देत नाही, आणि त्यातून हळूहळू निथळणारं पाणी पृष्ठभाग गार करतं. फोमचा सगळा जीव बुडबुड्याच्या पातळ पडद्यात असतो. पडदा जितका वेळ टिकेल तितका वेळ आग दबलेली.

फॉस्फेटचं काम याच्या अगदी उलट वेळी सुरू होतं. पाणी अंगात असेपर्यंत कापूस पेटतच नाही, त्यामुळे तोवर फॉस्फेटला काही करायचंच नसतं. पाणी उडून गेलं, कापूस तापायला लागला, की फॉस्फेट फुटतं. अमोनिया निघून जातो आणि फॉस्फरिक आम्ल उरतं. हे आम्ल कापसाच्या सेल्युलोजमधून पाणी ओढून घेतं. त्यामुळे पेट घेणाऱ्या वाफा कमी निघतात आणि माल जागच्या जागी काळा कोळसा होऊन बसतो. त्या कोळशाला आतल्या आत धुमसूही देत नाही, आणि जिनिंगवाल्याला हाच गुण हवा असतो.

म्हणजे फेस मरतो तिथून फॉस्फेटचं काम सुरू होतं. दोघांना एका टाकीत कोंडलं तर फॉस्फेट आधी फेसाला मारतं आणि स्वतःचं काम करण्याइतकं जागेवर उरतही नाही.

फेसाला कसं मारतं? हे खान्देशात समजावणं सोपं आहे. आपल्याकडे केळीला ठिबक लावलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, साधं डीएपी ठिबकमधून का सोडत नाहीत? तो सांगेल, ड्रिपर चोक होतात. फॉस्फेट आणि कॅल्शियम नायट्रेट एका टाकीत का कालवत नाहीत? पांढरा गाळ बसतो. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम असतंच, ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबण फाटतो ते पाणी. त्यात फॉस्फेट गेलं की, विशेषतः पाणी अल्कधर्मी असेल तर, कॅल्शियम फॉस्फेटचा गाळ होतो. ठिबकमध्ये तो ड्रिपरमध्ये अडकतो, तुमच्याकडे फोमच्या स्ट्रेनरमध्ये, म्हणजे गाळणीत, आणि इंडक्टरच्या बारीक भोकात अडकेल. फोमचा इंडक्टर म्हणजे तरी काय, ठिबकवाली व्हेंच्युरीच. पाण्याच्या वेगाने कॉन्सन्ट्रेट ओढून घेते. ती ठरावीक घट्टपणाच्या द्रवावर बेतलेली असते. द्रव जड किंवा दाट झाला की ती ३ टक्क्यांऐवजी किती ओढेल याचा भरवसा राहत नाही.

दुसरी गोष्ट बुडबुड्याच्या पडद्याची. बहुतेक फोममधलं फेसद्रव्य ऋणभारित असतं. पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच भार असल्यामुळे त्या एकमेकींना ढकलून धरतात आणि पडदा टिकतो. पाण्यात क्षार फार वाढले की हे ढकलणं कमी होतं, पडदा पातळ होत जातो आणि फुटतो. थोड्या क्षाराने उलट फेस सुधारल्यासारखा दिसतो, आणि इथेच माणूस फसतो. बादलीत चिमूटभर टाकून बघितलं, फेस छान आला, मग पोतं ओतलं. पोटॅशियमचे क्षार तर आणखी त्रासदायक. फेसद्रव्य सोडियम लॉरिल सल्फेटच्या जातीचं असेल तर त्याचा पोटॅशियम क्षार थंड पाण्यात विरघळतच नाही, दह्यासारखा खाली बसतो.

तिसरं म्हणजे धातू. मोनोअमोनियम फॉस्फेटचं पाणी आंबट असतं, ते साध्या लोखंडाला खातं. डीएपीतून हळूहळू अमोनिया सुटतो आणि ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनियाने तडे जातात. तुमचे कपलिंग, व्हॉल्व्ह, ब्रँच (नळीच्या टोकाचं तोंड) यांतलं किती सामान पितळ-गनमेटलचं आहे ते एकदा फिरून बघा. सहा महिने कॉन्सन्ट्रेटमध्ये क्षार बसून राहिले तर नुकसान नळीच्या आत होतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

आणि चौथा हिशोब मात्रेचा. कापसावर फॉस्फेटचा गुण यायला द्रावात साधारण १० टक्क्यांच्या आसपास तरी क्षार हवा. ४५०० लिटरचा बंब धरा. १० टक्के म्हणजे ४५० किलो, पन्नास किलोची नऊ पोती. तेवढ्याच पाण्याला ३ टक्क्यांचा फोम लागतो १३५ लिटर. तेव्हा १३५ लिटरच्या ड्रममध्ये नऊ पोती मावणार कशी? ड्रममध्ये मावतील एवढे चार-पाच किलो टाकले, तर कापसावर काडीचा उपयोग नाही आणि फेसाचा बिघाड मात्र पुरता.

असं प्रत्यक्ष झालेलं मी बघितलं आहे. एका कारखान्यात, नाव सांगत नाही, मॉक ड्रिलला गेलो होतो. पंप सुरू झाला, ब्रँचमधून दुधाळ पाणी आलं आणि जमिनीवर पडताच पाणीच राहिलं. फेस नाहीच. स्ट्रेनर उघडला तर जाळीवर फिकट पिवळसर थर बसलेला. बोटाने काढला तर तो कोरडा लागला. पाण्यात बुडवला तरी भिजेना, वर तरंगायला लागला. तेव्हा उलगडलं. मुदत संपलेल्या एबीसी सिलिंडरांची पावडर टाकून का द्यायची, म्हणून कुणीतरी ती फोमच्या टाकीत रिकामी केली होती. त्यात अमोनियम फॉस्फेट होतंच, पण पावडरीला ओल लागू नये म्हणून तिच्यावर सिलिकॉनचं अस्तर असतं. सिलिकॉन हा फेसाचा वैरी. कारखान्यांत नको असलेला फेस मोडायला जे द्रव्य टाकतात त्यात सिलिकॉनच असतं. त्या टाकीतला सगळा फोम फेकावा लागला. पलीकडे हेक्झेनची, म्हणजे सॉल्व्हंट प्लँटमध्ये तेल काढायला वापरतात त्या झटकन पेटणाऱ्या द्रवाची टाकी होती आणि ती आग त्या दिवशी खरी नव्हती, एवढंच नशीब. अजूनही कुठे फोमची टाकी दिसली की मी आधी स्ट्रेनर उघडायला सांगतो.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो, रुई परत का पेटली. त्या रात्री तुमच्या जुन्या वॉचमनबाबांनी जे म्हटलं असेल ते मला इथे बसून ऐकू येतं: "पाणी वर वर जास, मझार (आत) जातच नही." हे तंतोतंत खरं आहे. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेण असतं. साधं पाणी त्यावरून घसरतं. त्यात तुमच्याकडचा फोम तेलावर गोधडी घालायला बनवलेला. तो ढिगाच्या वर छान बसला, ज्वाळा गेल्या, फोटोही काढले असतील. आत मात्र धुमस चालूच. हवा मिळाली की परत ज्वाळा.

इथे लागतं ते आत शिरणारं पाणी. त्यासाठी वेटिंग एजंट किंवा घन पदार्थांसाठीचा ए वर्गाचा फोम मिळतो. त्याची मात्रा ०.१ ते १ टक्का एवढीच. ४५०० लिटरला अर्धा टक्का धरला तरी साडेबावीस लिटर. तो फेस घट्ट न करता पातळ, ओला ठेवायचा, म्हणजे पाणी निथळून तंतूंत मुरतं. मुठीएवढी रुई दोन बादल्यांत टाकून बघा, एकीत साधं पाणी, दुसरीत वेटिंग एजंटचं. साध्या पाण्यात रुईचं पुंजकं तरंगत राहतं. दुसऱ्या बादलीत ते ओलं होऊन बुडायला लागतं. तुमच्या शेठजींसमोर हे करा. पैसे मंजूर व्हायला याहून मोठा अहवाल लागणार नाही.

फॉस्फेट वापरायचंच असेल तर याच पाण्याबरोबर, पण नंतर. ज्वाळा दबल्या, ढीग फावड्याने उपसून मोकळा केला, की वेगळ्या प्लास्टिकच्या टाकीत ताजं कालवलेलं १० टक्क्यांचं १२:६१:० वेगळ्या पंपाने आणि वेगळ्या नळीने उपसलेल्या मालावर फवारायचं. तो माल तसाही वाया गेलेला असतो. फवाऱ्याचा पंप केळीवर औषध मारायचा असला तरी चालेल, काम झाल्यावर मात्र स्वच्छ पाण्याने खळखळून धुवायचा. जिथे बोअरचं पाणी फार जड असेल तिथे आधी बाटलीत कालवून अर्धा तास ठेवून बघा. गढूळ होऊन तळाशी गाळ बसला तर पाणी बदला. चांगल्या रुईवर किंवा कपाशीवर आधीच फवारून ठेवायचा विचार मनात आणू नका. सूतगिरणी माल परत पाठवेल, आणि ते बरोबरच असेल.

आग लागण्याआधी फॉस्फेटला खरी जागा आहे ती वेगळीच. जुन्या शेडची लाकडी कैची, लाकडी फळ्या, सुती ताडपत्री, कुंपणालगतचं वाळलेलं गवत. मार्च-एप्रिलमध्ये पारा चढला की कुंपणापलीकडच्या बांधावर कुणीतरी पाचट पेटवतं आणि ठिणगी यार्डात येते. त्या पट्ट्यातलं गवत आधी कापायचं, उरलेल्या खुंटांवर फवारा मारायचा. पाऊस येईपर्यंत तो टिकतो, पाऊस आला की धुऊन जातो. धुऊन गेलेलं फॉस्फेट नाल्यात गेलं की तिथे शेवाळ आणि जलपर्णी माजते, म्हणून नाल्याकाठी मारू नका.

टाकणखार आणि बोरिक अॅसिडबद्दलही विचारतील म्हणून सांगतो. टाकणखार ज्वाळेला आवरतो, पण नुसत्या टाकणखाराने धुमस थांबेलच असं नाही. धुमसण्यावर बोरिक अॅसिड चांगलं. गाद्यांच्या कापसाला म्हणूनच ते लावतात. दोन्ही मिळून वापरण्यामागे हेच कारण आहे. हेही लाकूड-कापडाच्या कामाचे, फोमच्या टाकीचे नाहीत.

एक अट लक्षात ठेवा. हे सगळे क्षार सेल्युलोजवर चालतात, कारण सेल्युलोजमधून पाणी ओढून कोळसा करता येतो. जळगावच्या चटईवाल्या मित्रांनी हा मजकूर वाचून त्यांच्या मालावर फॉस्फेट मारलं तर निराशा होईल. चटई पॉलिप्रॉपिलीनची. त्यात ऑक्सिजनच नाही, पाणी ओढून काढायला जागा नाही, कोळसा होत नाही. ती वितळते, थेंबथेंब गळते आणि गळालेलं प्लास्टिक तेलासारखं जळत वाहतं. तिथे भरपूर पाणी, गरज पडली तर फोमची गोधडी, आणि दोन थप्प्यांमध्ये सोडलेली मोकळी जागा हेच खरं.

आता सॉल्व्हंट प्लँट. इथे माझा आग्रह आहे, विनंती नाही. हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या वीसेक अंश खाली आहे. म्हणजे आपल्या हिवाळ्यातल्या पहाटेसुद्धा त्याची वाफ पेटायला तयार. ही आग दाबायचा मुख्य भरवसा फेसाच्या गोधडीवरच असतो आणि त्या गोधडीत कुठलाही प्रयोग करायचा नसतो. फोम आयएस ४९८९ या भारतीय मानकाप्रमाणे तपासून आलेला असतो, तो जसा आला तसाच. तुम्ही त्यात काही मिसळलं त्या क्षणी ते प्रमाणपत्र तुमच्या टाकीला लागू राहत नाही.

मग फोम सुधारायचाच नाही का? सुधारतो की, पण कारखान्यात, घडवतानाच. फोमचा इतिहास म्हणजे भर घालण्याचाच इतिहास आहे. १९०२ च्या सुमारास बाकूतल्या अलेक्सांदर लोरान या शिक्षकाने तेलाच्या आगींसाठी पहिला फोम केला, तेव्हा फेस टिकावा म्हणून त्यात ज्येष्ठमधाचा अर्क होता. पुढे जनावरांच्या शिंगा-खुरांपासून प्रोटीन फोम झाला. मग फ्लोरीनवाले फोम आले, तेलावर पाण्याचा पापुद्रा पसरवणारे, आणि त्यांनी कमालीचं काम केलं. पण ती रसायनं जमिनीत आणि विहिरीच्या पाण्यात वर्षानुवर्षं तशीच राहतात. त्यांतल्या पीएफओएसवर २००९ मध्ये स्टॉकहोम करारात निर्बंध आले, २०१९ मध्ये पीएफओए त्या यादीत गेलं. आता फ्लोरीनविरहित फोम येत आहेत. त्यांच्याकडे तो पापुद्रा नसतो, सगळी भिस्त बुडबुड्यावर. म्हणून असल्या फोममध्ये क्षार टाकणं तर आणखीच घातक. बुडबुडा टिकवायला त्यात झँथन गमसारखे डिंक घालतात, सिलिकाचे सूक्ष्म कण घालण्यावर संशोधन चालतं. ही भर फेसद्रव्याशी जुळवून, मोजून, आगीवर तपासून घातलेली असते.

कोळशाच्या बाबतीत तर याहून पुढे गेले आहेत. खाणीत आपोआप तापणाऱ्या कोळशासाठी फ्लाय अॅश, पाणी आणि नायट्रोजन यांचा फोम करतात. फेस राख वाहून भेगांपर्यंत नेतो, फेस मोडतो, राख तिथेच बसून हवा अडवते. फेस वाहणारा आणि क्षार किंवा राख मागे राहणारी, हा विचार मला फार आवडतो. आपल्याकडे भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळसाही आहे आणि राखही आहे, तेव्हा तिकडच्या अभियंत्यांनी हा विषय जरूर अभ्यासावा.

क्षार आणि फेस यांची खरी दोस्ती बघायची असेल तर तुमच्याच ऑइल मिलकडे या. पेटलेल्या गरम सरकी तेलावर पाणी मारलं तर पाणी खाली जाऊन एकदम वाफ होते आणि जळतं तेल अंगावर उसळतं. त्यासाठी वेट केमिकलचं सिलिंडर असतं, त्यात पोटॅशियमचे क्षार, कार्बोनेट किंवा अॅसिटेट. ते गरम खाद्यतेलाशी मिळून साबण तयार करतात आणि तो साबणच फेस होऊन तेल झाकतो. मात्र हे खाद्यतेलावरच. हेक्झेनचा साबण होत नाही.

इथेनॉलचं विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण डिस्टिलरी आणि पेट्रोलपंप दोन्हीकडे हा घोळ होतो. अल्कोहोल साध्या फोममधलं पाणी ओढून घेतं आणि फेस क्षणात बसतो. त्याला अल्कोहोल-रेझिस्टंट फोम लागतो, ज्यातला डिंक अल्कोहोलवर पातळ साय धरतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांच्या वर गेलं की हाच फोम घ्यायचा, आणि आता पंपावर २० टक्केवालं पेट्रोल आहे.

तुमच्या सध्याच्या फोमची ताकद वाढवायला काय करावं, तर आधी ड्रम सावलीत आणा. कॉन्सन्ट्रेटच्या लेबलवर साठवणीचं कमाल तापमान दिलेलं असतं, बहुतेकांचं पन्नास अंशांच्या आत. मे महिन्यात भुसावळ-जळगावला सावलीतच पारा पंचेचाळीसला टेकतो. पत्र्याखाली ठेवलेल्या ड्रमचं काय होत असेल? मग वर्षातून एकदा नमुना प्रयोगशाळेत पाठवा, आणि मधल्या काळात स्वतः एक सोपी तपासणी करा. तुमच्याच हायड्रंटचं ९७ मिलिलिटर पाणी आणि ३ मिलिलिटर कॉन्सन्ट्रेट. मिक्सरच्या भांड्यात ठरावीक सेकंद फिरवून एक लिटरच्या मोजपात्रात ओता आणि घड्याळ लावा. तळाशी २५ मिलिलिटर पाणी साचायला लागलेला वेळ वहीत लिहा. हा पाव निथळ-वेळ. दर तीन महिन्यांनी त्याच भांड्यात, तेवढेच सेकंद. वेळ घसरायला लागली की फोम म्हातारा झाला किंवा पाणी बिघडलं. हीच तपासणी डिस्टिल्ड पाण्यावरही केली की दोघांपैकी दोष कुणाचा तेही कळतं. १२:६१:० च्या सल्लागारालाही बोलवा आणि त्याच्यासमोर एका भांड्यात दहा ग्रॅम मिसळून दाखवा. ते भांडं नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

शेवटचं, आगीतून वाचलेल्या गाठींबद्दल. १७० किलोची दाबलेली गाठ वरून ओली, थंड दिसली तरी आत ठिणगी दिवसच्या दिवस जिवंत राहते. अशा गाठी शेडमध्ये परत लावू नका. उघड्यावर, एकमेकींपासून लांब ठेवा आणि रात्रपाळीच्या माणसाला दर फेरीला हात लावून, वास घेऊन बघायला सांगा. पट्ट्या कापायच्या असतील तर वेटिंग एजंटची भरलेली नळी हातात असल्याशिवाय कापू नका, कारण पट्टी सुटताच गाठ फुलते आणि आत हवा शिरते. तुमच्या बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल आणि फोमच्या ड्रमवरच्या लेबलचा फोटो मला पाठवा. इंडक्टर त्याला जुळतो का ते बघून सांगतो.